मशीन ठेवायचं की काढायचं?

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये सगळी मशीन धुऊनपुसून लख्ख होतात. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. पहिला मान जुन्या किर्लोस्कर लेथचा, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कातायच्या मशीनचा. नारळ फोडताना पाणी तिच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पायावर, उडू नये म्हणून आबा स्वतः फडकं घेऊन शेजारी उभे राहतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी ही लेथ सेकंडहँड घेतली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. हरिहरच्या ज्या कारखान्यात ती बनली तो कारखाना कधीच बंद पडला. लेथ मात्र चालू आहे.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी या लेथवरून आमच्यात वाद झाला. मी म्हणत होते, काढू या. आबा म्हणत होते, "अगं, अजून दहा वर्षं चालेल ती." आज मागे बघितलं तर त्या दिवशी दोघांच्याही हातात हिशेब नव्हता. मला तिच्या वयाचा कंटाळा आला होता आणि आबांना तिची माया होती. नंतर आम्ही हिशेब मांडायला शिकलो, आणि तोच इथे सांगते आहे. उदाहरणं आमच्या धंद्यातली आहेत, पण पिठाची गिरणी, बेकरीची भट्टी, झेरॉक्सचं मशीन, मालाचा टेम्पो किंवा रसवंतीचा चरक असला तरी मांडणी हीच राहते. किमतींचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

गेली ती गंगा

अशा वादात पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मागच्याच वर्षी गिअरबॉक्सला सत्तर हजार घातलेत, आता कसं काढायचं?"

गेली ती गंगा, राहिलं ते तीर्थ. ते सत्तर हजार लेथ ठेवली तरी परत येणार नाहीत आणि विकली तरी येणार नाहीत. दोन्ही वाटांवर जे सारखंच आहे, ते निर्णयाच्या काट्यात टाकायचं नाही. त्या दुरुस्तीने पुढच्या वर्षीचा खर्च कमी होणार असेल, किंवा गिऱ्हाईक चार पैसे जास्त देणार असेल, तर तेवढाच फायदा मोजायचा. घातलेली रक्कम मोजायची नाही. हे कळायला सोपं आहे, पण हाताला वळण लागायला वेळ लागतो. ज्या मशीनवर जास्त खर्च केला, त्याच मशीनवर आणखी खर्च करण्याकडे मन ओढतं.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे, "लेथचे पैसे कधीच फिटले, आता ती फुकटात चालते." फुकटात चालत नाही. आज ती उचलून न्यायला कुणी दीड लाख देत असेल, तर ती ठेवणं म्हणजे दीड लाख रुपये त्या कोपऱ्यात ठेवणं. त्या पैशांवरचं व्याज, आणि वर्षभरात तिची किंमत जितकी उतरेल ती उतरण, हा तिचा चालू खर्च आहे, जरी त्याची पावती कुठे फाटत नसली तरी.

आणि तिसरं, ताळेबंदातली किंमत. "पुस्तकात अजून चार लाख दिसतात, दोन लाखाला कसं विकू?" पुस्तकातले चार लाख आयकरासाठी ठरावीक टक्क्यांनी घसारा वजा करून उरलेली रक्कम आहे. बाजाराला तिच्याशी देणंघेणं नाही. मशीनची किंमत म्हणजे आज दारात येऊन कुणी रोख देईल ती.

हे तिन्ही बाजूला सारले की प्रश्न फार लहान होतो. जुनं मशीन *आणखी एक वर्ष* ठेवलं तर किती खर्च येईल? आणि नवं घेतलं तर त्याच्या चांगल्या वर्षांत दरवर्षी सरासरी किती येईल? या दोन आकड्यांची तुलना करायची. अमेरिकेत मशिनरी उद्योगाच्या संस्थेत काम करणाऱ्या जॉर्ज टरबॉर्ग यांनी १९४९ साली हा विचार नीट मांडला. जुन्या मशीनला त्यांनी म्हटलं 'डिफेंडर', नव्याला 'चॅलेंजर'. आम्हा कोल्हापूरकरांना हे लगेच कळतं. आखाड्यात आधीपासून उभा असलेला पैलवान आणि त्याला आव्हान द्यायला आलेला पैलवान. वयाने कोण मोठा हे कुस्तीत कुणी विचारत नाही.

एका कॉम्प्रेसरचा हिशेब

समजा तीन लाखांना कॉम्प्रेसर (मशीनना दाबाची हवा पुरवणारं यंत्र) घेतला. नव्या मशीनची किंमत पहिल्या वर्षी धाडकन उतरते, मग हळूहळू. दुरुस्तीचं उलटं. सुरुवातीला तेल आणि फिल्टर, पुढे व्हॉल्व्ह, मग बेअरिंग, मग काहीही. खालच्या तक्त्यात शेवटचा रकाना म्हणजे तितकी वर्षं वापरून विकला तर दरवर्षी सरासरी पडलेला खर्च. त्यात उतरलेली किंमत आणि दुरुस्ती दोन्ही आहेत.

| वर्ष | वर्षअखेर विक्री किंमत | त्या वर्षाची दुरुस्ती | दरवर्षी सरासरी खर्च |
|---|---|---|---|
| १ | २,१०,००० | १०,००० | १,००,००० |
| २ | १,६०,००० | १५,००० | ८२,५०० |
| ३ | १,२५,००० | २२,००० | ७४,००० |
| ४ | १,००,००० | ३०,००० | ६९,२५० |
| ५ | ८०,००० | ४२,००० | ६७,८०० |
| ६ | ६५,००० | ५८,००० | ६८,६६७ |
| ७ | ५५,००० | ८०,००० | ७१,७१४ |
| ८ | ५०,००० | १,१०,००० | ७७,१२५ |

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. आकडा उतरत जातो, पाचव्या वर्षी तळ गाठतो आणि परत चढायला लागतो. पाचवं वर्ष हे या कॉम्प्रेसरचं किफायतीचं वय. तो पंधरा वर्षं *चालेलही*. पण चालणं आणि परवडणं वेगळं.

आता याच तक्त्यातून आणखी दोन गोष्टी निघतात, आणि माझ्या मते त्याच जास्त कामाच्या आहेत.

पहिली, तळ सपाट आहे. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या सरासरीत दीड हजारांपेक्षाही कमी फरक आहे. म्हणजे बदलायला एक वर्ष पुढेमागे झालं तर काही आभाळ कोसळत नाही. घाई करायचं कारण नाही, पण आठव्या वर्षापर्यंत डोळे मिटून बसायचंही कारण नाही. विक्रेता "या महिन्यातच घ्या" म्हणतो तेव्हा हा सपाट तळ आठवा.

दुसरी, पाच वर्षं झाल्यावर 'आणखी एक वर्ष ठेवू का' याचं उत्तर सरासरीत शोधायचं नसतं. फक्त सहाव्या वर्षाचा खर्च बघायचा. किंमत ८० हजारांवरून ६५ हजारांवर येणार, म्हणजे १५ हजार गेले. दुरुस्ती ५८ हजार. एकूण ७३ हजार. नवा तसाच कॉम्प्रेसर त्याच्या उत्तम काळात वर्षाला ६७,८०० मध्ये पडतो. ७३ हजार जास्त आहेत, म्हणून बदलायची वेळ आली. पाचव्या वर्षासाठी हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर २० आणि ४२ मिळून ६२ हजार आलं असतं आणि ठेवणं बरोबर ठरलं असतं. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हा एकच आकडा काढायचा, पाच मिनिटांचं काम आहे.

तक्त्यात व्याज धरलेलं नाही. ते धरलं की नव्या मशीनचा आकडा वाढतो, कारण तिथे जास्त पैसे अडकतात, आणि जुनं आणखी थोडं ठेवणं परवडतं. पैसा महाग असेल तेव्हा जुन्या मशीनची बाजू बळकट होते, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

मशीन उभं राहिलं की काय काय उभं राहतं

दुरुस्तीच्या बिलात न दिसणारा खर्च म्हणजे मशीन उभं राहण्याचा. तो बहुतेक वेळा दुरुस्तीपेक्षा मोठा असतो, आणि सगळ्या मशीनना सारखा नसतो.

आमच्याकडे साध्या लेथ तीन आहेत. एक उभी राहिली तर जॉब शेजारच्या लेथवर चढतो, फार तर मामांना संध्याकाळी दोन तास जादा थांबावं लागतं. (मामा म्हणजे आमचे जुने टर्नर, लेथ चालवणारे. सगळं उद्यमनगर त्यांना मामाच म्हणतं.) कॉम्प्रेसर मात्र एकच. तो बसला की दोन्ही सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) बसतात, कारण त्यांनाही हवा लागते. ऑपरेटर बसतात, फौंड्रीहून आलेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, बसतं आणि शिरोलीला जाणारा टेम्पो रिकामा परततो. म्हणून जुनी लेथ आम्ही निवांत ठेवू शकतो आणि सात वर्षांच्या कॉम्प्रेसरची रात्री काळजी वाटते. तुमच्या धंद्यात असं एक मशीन असणारच, ज्याच्यामागे बाकीचे सगळे रांगेत उभे असतात. बदलायला पैसे थोडेच असतील तर ते तिथे घाला.

उभं राहण्याचा दिवस किती रुपयांचा, हे काढताना त्या दिवसाची पूर्ण विक्री धरू नका. कच्चा माल आणि वीज वाचलेलीच असते. जो पगार द्यावाच लागला आणि जी कमाई कायमची बुडाली, तेवढीच धरा. आठ दिवसांनी तोच जॉब करून दिला असेल तर बुडालं काहीच नाही, फक्त उशीर झाला. पण उशिरामुळे गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असेल, तर तो घाव मोठा, आणि तो लिहून ठेवला नाही तर विसरला जातो.

आधी खरा चोर पकडा

कॉम्प्रेसर सारखा चालतोय, प्रेशर पुरत नाही, बिल वाढलंय. मोठा कॉम्प्रेसर घेऊ का, असं मी दोन वर्षांपूर्वी विचारत होते. कोटेशनही आलं होतं. मग एका रविवारी सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर सुरू केला. हवा वापरणारं कुणी नव्हतं, तरी तो दीड मिनिट हवा भरायचा, साडेतीन मिनिटं शांत, परत दीड मिनिट भरायचा. भरण्याचा वेळ भागिले भरण्याचा आणि शांततेचा मिळून एकूण वेळ, ही गळती. दीड भागिले पाच, म्हणजे ३० टक्के. कॉम्प्रेसर जेवढी हवा करू शकतो, तिच्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा पाइपच्या जोडांतून, जुन्या होजमधून आणि एका चिरलेल्या एअर गनमधून फुकट जात होती.

तीन मिलिमीटरचं एक भोक आणि सात बार (बार हे दाबाचं माप) दाब, एवढ्याने साधारण तीन किलोवॅट वीज वाया जाते. दिवसभर. मामा आणि मी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन अख्खी लाइन फिरलो. जिथे बुडबुडे आले तिथे खडूने खूण केली. बहुतेक जोड दोन दिवसांत बदलून झाले, आणि नव्या कॉम्प्रेसरचं कोटेशन अजून फाइलमध्ये पडून आहे.

जुन्या मशीनला दोष देणं फार सोपं असतं. रिजेक्शन वाढलं की मशीनचं वय निघतं, पण कधी बोथट टूल, कधी खराब कास्टिंग, कधी कमी व्होल्टेज, कधी न घातलेलं तेल हा खरा गुन्हेगार असतो. नवं मशीन आणून त्याच गळक्या पाइपला जोडलं तर तेही तसंच वागणार.

लेथच्या वादाचा निकाल असाच लागला. मामांनी साठ मिलिमीटरचा जाड बार (धातूचा दांडा) चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरला, दोनशे मिलिमीटर बाहेर ठेवून, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार न देता त्यावरून एक हलका फिनिश कट घेतला. मग चकजवळ आणि मोकळ्या टोकाला मायक्रोमीटर लावला. चाळीस मायक्रॉनचा फरक. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) मी म्हटलं, "बघा आबा, बेड खाल्लाय." लेथचा बेड चकजवळच जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं, त्यामुळे माझं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण मामा काही न बोलता स्पिरिट लेव्हल घेऊन आले आणि बेडवर आडवी ठेवली. बुडबुडा एका कडेला. फाउंडेशनचा एक बोल्ट सैल होऊन लेथ पिळली गेली होती. दुपारभर बोल्ट आवळत, पत्र्याचे तुकडे सारत लेव्हल आणली आणि परत तसाच कट घेतला. फरक पंधरा मायक्रॉनवर आला.

पंधरा मायक्रॉनमध्ये फिनिशचे जॉब होत नाहीत, पण रफिंग (सुरुवातीची ढोबळ कटाई) आणि दुरुस्तीची शाफ्टची कामं आरामात होतात. बेड घासून परत सरळ करण्याचा (ग्राइंडिंगचा) खर्चही टळला. मशीन ठेवायचं की काढायचं यात एक तिसरं उत्तर असतं, ते म्हणजे त्याला वेगळं काम द्यायचं.

विजेचं बिल बोलतं

आता अशी एक गोष्ट, जिथे मी बदलण्याच्या बाजूने अगदी ठाम आहे.

१० एचपीची मोटर जळाली. रिवाइंडिंगवाला आतली तार नव्याने गुंडाळून आठ हजारांत भरून देतो, नवी आयई३ दर्जाची मोटर समजा ३५ हजारांना. (आयई हा मोटरच्या कार्यक्षमतेचा दर्जा, आकडा मोठा तितकी वीज कमी.) कुणीही म्हणेल, भरून आण.

या मोटरचा बाहेर येणारा जोर साधारण साडेसात किलोवॅट. या आकाराच्या चार पोलच्या आयई३ मोटरची कार्यक्षमता ९०.४ टक्के असते. जुन्या आयई१ दर्जाच्या मोटरची ८६ टक्के असते, आणि ती दोनदा भरलेली असेल तर ८४ धरू. भरताना जुनं वायंडिंग जाळून काढतात, उष्णतेने आतल्या पत्र्यांचं इन्सुलेशन खराब होतं, त्यामुळे निष्काळजीपणे भरलेली मोटर दर खेपेला एखादा टक्का गमावते. म्हणजे तेवढंच काम करायला जुनी मोटर ८.९३ किलोवॅट घेते, नवी ८.३०. फरक ०.६३. दिसायला काहीच नाही.

पण मोटर दोन पाळ्या, म्हणजे दिवसाला १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालत असेल तर ४,८०० तास झाले. साधारण तीन हजार युनिट. नऊ रुपयांनी २७ हजार, *दरवर्षी*. नवी घ्यायला जास्तीचे पैसे किती लागणार होते? ३५ वजा ८, म्हणजे तेही २७ हजारच. एका वर्षात फिटले, पुढे सगळी बचत. आणखी एक आकडा बघा. ती जुनी मोटर वर्षाला जवळजवळ ४३ हजार युनिट खाते, म्हणजे ३ लाख ८६ हजार रुपये. नव्या मोटरच्या किमतीच्या अकरा पट वीज एका वर्षात. मोटर विकत घेतो तेव्हा आपण खरं तर वीज विकत घ्यायची वाट ठरवत असतो.

हीच मोटर दिवसाला दोनच तास चालत असेल तर बचत ३,४०० रुपयांवर येते आणि ते २७ हजार फिटायला आठ वर्षं लागतात. मग खुशाल भरून आणा. मोटर तीच, किंमत तीच, पण चालण्याचे तास वेगळे म्हणून उत्तर वेगळं. (मोटर पूर्ण भारावर चालत नसेल तर बचत त्या प्रमाणात कमी धरायची.)

अडचण अशी की मोटर जळते तेव्हा हिशेबाला वेळ नसतो. गिऱ्हाईक फोनवर असतं, आणि जे लवकर मिळेल ते आपण घेतो. म्हणून आता आमच्याकडे प्रत्येक मोटरपुढे वहीत आधीच लिहिलेलं आहे, 'जळाली तर भरायची' किंवा 'जळाली तर नवी'.

संगणक असलेली मशीन वेगळी म्हातारी होतात

साधी लेथ हळूहळू झिजते, आवाज करते, सांगून जाते. सीएनसीचं तसं नाही. बेड, स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा), बॉलस्क्रू (टूल सरकवणारा स्क्रू) ठणठणीत असतात आणि एक दिवस पडदा काळा होतो. कंट्रोलरचं (मशीनच्या संगणकाचं) कार्ड किंवा मोटर चालवणारा ड्राइव्ह कंपनीने बनवणं थांबवलेलं असतं आणि मग जुन्या बाजारात शोध सुरू होतो.

आमच्या जुन्या सीएनसीच्या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या सगळ्या सेटिंग, जपणारी एक छोटी बॅटरी आहे. मशीन बंद असताना ती संपली की सगळे पॅरामीटर पुसले जातात. बदलायची तर मशीनला वीज चालू ठेवूनच. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही मशीन सुरू केलं तेव्हा ते कोरं झालं होतं आणि आमच्याकडे बॅकअप नव्हता. सहा दिवस मशीन उभं राहिलं, एका बॅटरीपायी. आता बॅटरी ठरलेल्या महिन्यात बदलतो आणि पॅरामीटरची प्रत दोन ठिकाणी ठेवतो.

अशा मशीनबद्दल वर्षातून एकदा सर्व्हिसवाल्याला विचारायचं, की याचं कार्ड, ड्राइव्ह, मोटर आज नवीन मिळते का? मिळत नसेल तर दुरुस्त होते का, आणि किती दिवसांत? दोन्हींना उत्तर 'नाही' असेल तर मशीन आज कितीही छान चालत असलं तरी त्याला रोजच्या मुख्य जॉबवर ठेवू नका. सांगाडा चांगला असेल तर नवा कंट्रोलर आणि ड्राइव्ह बसवून घेण्याचाही पर्याय असतो, नव्या मशीनपेक्षा बराच स्वस्त. पण बॉलस्क्रू आणि गाइड आधी तपासून घ्या, नाहीतर नवा मेंदू आणि थकलेलं शरीर असं होतं.

जिथे हिशेब करायचाच नाही

पत्रा दाबून कापायची जुनी पॉवर प्रेस. चावीच्या क्लचची प्रेस एकदा सुटली की पूर्ण फेरा झाल्याशिवाय थांबत नाही. मध्ये हात आला तरी थांबत नाही. त्यामुळे प्रकाशाचा पडदा तोडला की मशीन थांबतं ते सुरक्षा उपकरण अशा प्रेसवर लावून उपयोग नाही, थांबायची सोयच तिच्यात नाही. पक्का गार्ड बसत नसेल, ऑपरेटरला डायमध्ये (साच्यात) हात घालावाच लागत असेल, तर ती प्रेस काढा. बोटं गेलेली माणसं मी या धंद्यात पाहिली आहेत. इथे तक्ते मांडत बसणं मला मान्य नाही.

आणि ती विकताना कुणा दुसऱ्याच्या कामगाराच्या हाताखाली जाणार असेल, तर भंगाराच्या भावात मोडीत घाला.

कर्ज, कर आणि सबसिडी

या तिन्हींना मी मुद्दाम शेवटी ठेवते, कारण बरेच जण सुरुवात इथूनच करतात.

मशिनरीवर आयकरात सध्या १५ टक्के घसारा मिळतो. मशीन त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा, म्हणजे साडेसात टक्के. त्यामुळे 'मार्चअखेर कर वाचवायला मशीन घ्या' हा सल्ला ऐकायला जितका गोड, तितका फायद्याचा नाही. आणि कर वाचतो म्हणजे रुपया खर्च करून, ३० टक्क्यांच्या दराने, ३० पैसे परत मिळतात, तेही बऱ्याच वर्षांत विभागून. उरलेले ७० पैसे मशीनने कमवायचे असतात. जीएसटीत नियमित नोंदणी असणाऱ्याला मशीनवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करून घेता येतो. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक दराच्या योजनेत) असाल तर येत नाही, मग तो किमतीतच धरा. जुनं विकतानाही जीएसटीचा विचार करावा लागतो, तेवढं सीएंना आधी विचारा.

कर्जाचा दर ऐकताना 'फ्लॅट' की 'रिड्यूसिंग' हे विचाराच. पाच वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे खरं व्याज १७ टक्क्यांच्या वर जातं, कारण मुद्दल फिटत असतानाही व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लागतं.

सबसिडीबद्दल एवढंच. ती मिळाली तर आनंद आहे, पण ती नसती तरी हे मशीन घेतलं असतं का, हा प्रश्न आधी.

आमची मोठी चूक हप्त्यावर मशीन घेण्यातलीच होती. एका गिऱ्हाइकाने तोंडी सांगितलं, काम वाढणार आहे, आणखी एक मशीन टाका. आम्ही दुसरं सीएनसी टर्निंग सेंटर घेतलं. हिशेब दोन पाळ्यांवर मांडला होता. त्या पार्टचं मॉडेल बंद झालं आणि मशीन चौदा महिने जेमतेम एका पाळीला चाललं. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. आबा त्या काळात मला एकदाही बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं. त्यानंतर नव्या मशीनचा हिशेब मी दोनदा करते. एकदा अपेक्षेएवढं काम धरून आणि एकदा निम्मं काम धरून. निम्म्या कामातही हप्ता निघत नसेल, तर आधी लेखी ऑर्डर, किंवा काही महिने बाहेरून जॉबवर्क करून घेणं.

शंभर पानी वही

हे सगळे आकडे येतात कुठून? आमच्याकडे प्रत्येक मशीनला तारेने बांधलेली एक शंभर पानी वही आहे. तारीख, काय बिघडलं, किती तास उभं होतं, किती खर्च आला. चार रकाने, बास. पाचवा रकाना मी नंतर वाढवला, 'याच्यामुळे कोणता जॉब नाकारला'. जुन्या मशीनचा सगळ्यात मोठा खर्च बहुधा तिथेच सापडतो, कारण न घेतलेल्या कामाचं बिल कधी येत नाही. मुख्य मशीनना छोटे सबमीटर लावलेत, त्यामुळे वीजही मशीनवार कळते. पहिले दोन महिने कुणी लिहीत नव्हतं. मग आबांनी स्वतः लिहायला सुरुवात केली, आणि आबा लिहितात म्हटल्यावर सगळे लिहायला लागले.

यंदा खंडेनवमीला किर्लोस्करच्या लेथला माळ घातली, तेव्हा तिच्या वहीत वर्षभरात तीन नोंदी होत्या. एक बेल्ट, एक तेलाची गळती, आणि मार्चमध्ये दीड दिवस क्लच. सगळं मिळून नऊ हजारांच्या आत. नारळाचं पाणी पुसून झाल्यावर आबांनी खिशातलं पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'रफिंगसाठी ठीक. पुढच्या दसऱ्याला परत बार घेऊन बघणे.'